शाळेची हद्द आणि एकोणीस आया

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. भजनाला टाळ धरावा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीस बायकांचा तिळगूळ करून द्यावा, एवढीच माझी मंडळातली कामगिरी. परंतु गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. माझी थोरली मुलगी वकिलीचा अभ्यास करते. ती एका जुन्या अमेरिकन खटल्याचे टिपण काढीत बसली होती. मी शेजारी गवार मोडीत होते. ती म्हणाली, "आई, हा खटला शाळेच्या प्रवेशाचा आहे, आणि तो सगळा आयांनी लढवलाय गं." झाले! माझी गवार तशीच राहिली. पुढे आठपंधरा दिवस रोज संध्याकाळी ती मला इंग्रजीतून मराठी करून सांगत असे आणि मी वहीत उतरून घेत असे. साल आणि आकडे मी तिच्याकडून दोनदोनदा तपासून घेतले आहेत. तेव्हा लेखात काही बरे असेल ते तिचे समजावे.

या गोष्टीने मला का धरले, ते आधी सांगते. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. १९९३ साली मी सातवी पास झाले तेव्हा वडील मला आठ किलोमीटरवरच्या एका हायस्कुलात घेऊन गेले. तेथील कारकुनाने वर न पाहताच सांगितले, "वर्ग भरले. जागा नाही. आणि तुमचं गाव आमच्याकडे येतही नाही, पलीकडच्या हायस्कुलात जा." पलीकडचे हायस्कूल म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, पावसाळ्यात साकव पाण्याखाली. वडिलांनी टोपी सारखी केली, कारकुनाला नमस्कार केला आणि आम्ही परत आलो. माझे शिक्षण तेथे संपले. वर्ग खरेच भरले होते की नव्हते, हे आम्ही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन दारात उभे राहावे, असे तर आमच्या स्वप्नातही आले नाही.

आता अमेरिकेतील रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. तिकडे सरकारी शाळा फुकट असते आणि कोणत्या घरातील मुलाने कोणत्या शाळेत जायचे हे घराच्या पत्त्यावरून ठरते. गावाचा नकाशा पुढे ठेवून प्रत्येक शाळेची हद्द आखलेली असते. ही हद्द आखते ते तेथले स्कूल बोर्ड. बोर्डाचे सभासद बहुधा गावकऱ्यांच्या मतांवर निवडून येतात आणि शाळांचा बराचसा खर्च घरपट्टीसारख्या स्थानिक करांतून भागतो. त्यामुळे हद्दीची रेघ एक गल्ली इकडे की तिकडे सरकली, एवढ्यावरूनही माणसे तावातावाने भांडतात.

दुसरे महायुद्ध संपल्यावर ही भांडणे फार वाढली, कारण मुलेच फार झाली. १९४६ ते १९६४ या काळात त्या देशात साडेसात कोटींहून अधिक मुले जन्मली. एकट्या १९५७ साली ४३ लाख. रणांगणावरून परतलेल्या तरुणांनी शहराबाहेर नवी घरे घेतली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाऊन नावाची वसाहत १९४७ ते १९५१ एवढ्या अवधीत उठली, आणि तीत सतरा हजारांच्या वर घरे. बटाट्याच्या शेतांवर गाव उभे राहिले म्हणतात. पण ती घरे फक्त गोऱ्यांना मिळत. करारातच तसे कलम होते. अशा उपनगरांतून शाळा इतक्या भरल्या की अर्धी मुले सकाळी आणि अर्धी दुपारी बसवावी लागत. आपल्याकडे दोन पाळ्यांच्या शाळा काही नव्या नाहीत. पण अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही तीच गत झाली होती, हे मला माहीत नव्हते.

तेव्हा "जागा नाही" हे पुष्कळ ठिकाणी खरेच होते. घोटाळा असा की तेच वाक्य खोटे बोलायलाही फार सोयीचे असते.

माझ्या वहीतले गाव मात्र उपनगर नव्हे. ओहायो राज्याच्या दक्षिण भागात हिल्सबरो नावाचे, त्या काळी सुमारे पाच हजार वस्तीचे, तालुक्याच्या गावासारखे गाव. तेथे लहान मुलांच्या तीन शाळा होत्या: वेबस्टर, वॉशिंग्टन आणि लिंकन. पहिल्या दोन गोऱ्या मुलांच्या. लिंकन काळ्या मुलांची. लिंकनची इमारत १८६९ सालची. सगळ्या इयत्तांना मिळून दोनच शिक्षक आणि पुस्तके गोऱ्यांच्या शाळेत वापरून फाटलेली, पाने गेलेली. गंमत पाहा, त्याच गावात हायस्कुलात काळी-गोरी मुले एकत्र शिकत होती. मोठी मुले एका बाकावर चालत होती, सहा वर्षांची चालत नव्हती!

आणखी एक गोष्ट. ओहायो राज्यात वेगळ्या शाळांचा कायदा १८८७ सालीच रद्द झालेला होता. म्हणजे हिल्सबरोची ही वहिवाट सदुसष्ट वर्षे बेकायदा चाललेली होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना ते अर्पण केले, हे आपणांपैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल. त्यांच्या कानांवर ही लिंकन शाळेची गोष्ट गेली असती तर त्यांना काय वाटले असते? शाहू महाराजांनीही १९१९ साली करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घ्या, असा हुकूम काढला. आपल्याकडे हुकूम निघूनही किती वर्षे मुलांना वर्गाबाहेर, पायरीवर बसावे लागले, हे मी सांगायला नको.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल दिला. 'ब्राऊन' खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. हिल्सबरोतील आयांना वाटले, आता आपली मुले वेबस्टरमध्ये जाणार. पण मध्येच एक विलक्षण प्रकार घडला. ५ जुलैच्या पहाटे लिंकन शाळेला आग लागली. आग लावणारा निघाला खुद्द जिल्ह्याचा इंजिनिअर, फिलिप पार्ट्रिज, आणि तोही गोरा. शाळाच जळली म्हणजे बोर्डाला मुले एकत्र बसवण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, असा त्याचा हिशेब. पुढे त्याने गुन्हा कबूल केला व तुरुंगवास भोगला. हे कृत्य मला पटत नाही. पण मनात आल्यावाचूनही राहत नाही की त्या गावात निदान एका माणसाची झोप तरी या शाळेने उडवली होती. इमारत पुरती जळली नाही. बोर्डाने ती दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली.

बोर्डाचे म्हणणे असे होते: आम्ही नाही म्हणत नाही, मुले एकत्र बसवूच. पण वेबस्टर आणि वॉशिंग्टन या दोन्ही शाळांत आज दाटी आहे. नवे बांधकाम चालू आहे. ते पुरे होऊ द्या, तोवर थांबा. वाचताना मला हे बोलणे अगदी ओळखीचे वाटले. शब्द गोड, आवाज शांत, आणि दार बंद.

सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा आयांनी मुलांना नेऊन वेबस्टरमध्ये बसवले. काही दिवस मुलांना तेथे बसू दिले. मग १३ सप्टेंबरला बोर्डाने शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या. त्या नकाशाबद्दल मुलीने मला कागदावर काढून दाखवले तेव्हा मी चकितच झाले. लिंकन शाळेची हद्द एकसंध नव्हती. ती दोन तुकड्यांची होती, एक गावाच्या एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही! काळ्यांची घरे जेथे जेथे होती तेवढी वेचून घेतलेली. पोळी लाटताना कणीक फाटली की आपण तुकडा जोडतो, तशी ही जोडलेली हद्द. फरक इतकाच की येथे मुद्दाम फाडलेली होती. वेबस्टरच्या जवळ राहणारी मुलेही लिंकनच्या हद्दीत पडली, आणि गोरे मूल लिंकनमध्ये एकही गेले नाही. नियमात गोरा-काळा हा शब्द कोठेच नव्हता. नुसते रस्त्यांचे नकाशे.

मग आयांनी जे केले तेच या लेखाचे खरे कारण आहे. त्यांनी मुलांना न्हाऊमाखू घालून, चांगले कपडे घालून, रोज सकाळी वेबस्टर शाळेपर्यंत चालत न्यायला सुरुवात केली. एकोणीस आया आणि सदतीस मुले. दारात जायचे, मुलांना आत घ्या म्हणायचे. नाही म्हटले की मुले घेऊन परत यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाऊस असो, बर्फ असो. एक आठवडा नव्हे, एक महिना नव्हे. दोन शालेय वर्षे, १९५४ च्या सप्टेंबरपासून १९५६ च्या एप्रिलपर्यंत. इमोजीन कर्टिस, गर्ट्रूड क्लेमन्स, एल्सी स्ट्यूअर्ड ही त्यांतली काही नावे. त्यांतल्या काही जणी लोकांच्या घरी कामाला जात. म्हणजे आधी हे शाळेचे जाणे-येणे, मग दुसऱ्याच्या घरचा केर-लादी आणि मग स्वतःच्या घरचा स्वयंपाक. आपल्यांपैकी ज्यांना सकाळी सातला एका मुलाचा डबा भरून द्यावा लागतो त्यांनी याचा विचार करून पाहावा.

मुले घरी बसली तर अभ्यासाचे काय? आणि शाळेत न पाठवल्याबद्दल आईबापांवर कारवाई होण्याची भीती वेगळीच. म्हणून त्यांनी घरांतूनच वर्ग चालवले. कोणाच्या बैठकीच्या खोलीत, कोणाच्या स्वयंपाकघरात. तीसेक किलोमीटरवर विल्मिंग्टन म्हणून गाव आहे. तेथे क्वेकर पंथाच्या लोकांचे कॉलेज आहे. तेथली मंडळी येऊन मुलांना शिकवीत, धडे देऊन जात. बाकी दिवस आया शिकवीत. हे ऐकून मी मुलीला विचारले, "त्या किती शिकलेल्या होत्या?" ती म्हणाली, "तुझ्यासारख्याच असतील काही." मी त्यावर काही बोलले नाही, पण तिच्या दुसरीतल्या गुणाकाराच्या वेळी मी कसे आदल्या रात्री स्वतः पाढे घोकून ठेवीत असे, ते मला आठवले.

सगळी काळी घरे त्यांच्या बाजूची होती असे नाही. काहींनी मुले लिंकनमध्येच पाठवली. त्यांना नावे ठेवू नयेत. नोकरी गोऱ्या मालकाकडे, घर भाड्याचे, आणि मुलाचे वर्ष वाया जाण्याची भीती. कोणाला कशाचे भय असेल ते बाहेरून कळत नाही. माझे वडील भित्रे नव्हते, तरी नमस्कार करून परत आलेच.

याच सप्टेंबरात खटला दाखल झाला. सुमारे नव्वद किलोमीटरवर सिनसिनाटीला. पाच मुलांच्या नावाने त्यांच्या आयांनी तो लावला. त्यातील पहिले नाव क्लेमन्स, म्हणून 'क्लेमन्स विरुद्ध हिल्सबरोचे स्कूल बोर्ड'. ब्राऊनच्या निकालानंतर उत्तरेकडील राज्यांत तो निकाल कसाला लागलेला हा पहिलाच खटला, असे सांगतात. आयांच्या वकिलांत न्यूयॉर्कहून आलेल्या कॉन्स्टन्स बेकर मोटली होत्या. वय तेहतीस, स्वतः काळ्या, घरी दोन वर्षांचा मुलगा. पुढे १९६६ साली त्या अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश झाल्या.

खालच्या न्यायालयात हार झाली. न्यायाधीश ड्रफेल यांनी बोर्डाला मनाई हुकूम दिला नाही. इमारती होईपर्यंत थांबण्यात त्यांना काही गैर दिसले नाही. आया मात्र थांबल्या नाहीत. निकाल विरुद्ध गेल्यावरही दुसऱ्या सकाळी चालणे चालूच राहिले, याचे मला खटल्यापेक्षाही नवल वाटते. खटला वकील चालवतात, पण सहा वर्षांच्या मुलाला, "काल नाही म्हणाले ना, मग आज कशाला जायचं?" याचे उत्तर रोज आईलाच द्यावे लागते.

अपील झाले. वरच्या न्यायालयाने जानेवारी १९५६ मध्ये निकाल फिरवला. तो निकाल लिहिला फ्लॉरेन्स ॲलन या न्यायमूर्तींनी. याही बाई, आणि याही ओहायोच्या. १९२२ साली त्या आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आल्या. अमेरिकेत कोणत्याही राज्यात असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९३४ पासून केंद्रीय अपील न्यायालयात होत्या. त्यांनी निर्वाळा दिला की ओहायोच्या कायद्याने वेगळी शाळा केव्हाच बंद झालेली आहे, आणि दाटी आहे म्हणून एका रंगाच्या मुलांना बाजूला काढता येत नाही. दाटी असेल तर ती सगळ्या मुलांना सारखी वाटून घ्या, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

त्यांच्याबरोबर बसलेले न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट हे पुढे १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनी थोडे वेगळे टिपण जोडले. बोर्डाला गावात तंटा नको होता, हे समजण्यासारखे आहे, असे ते म्हणाले. परंतु हेतू काहीही असो, ओहायोच्या कायद्याने आणि देशाच्या घटनेने असे करण्यास जागाच ठेवलेली नाही. मुलीने हे वाक्य वाचले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. दोन वर्षे आयांना जे सांगितले जात होते, ते अखेर बोर्डाला ऐकावे लागले: जागा नाही!

बोर्डाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. एप्रिल १९५६ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि मुलांना वेबस्टरचा दरवाजा उघडला.

हीच युक्ती इतर शहरांतही झाली. न्यूयॉर्कच्या लगत न्यू रोशेल म्हणून उपनगर आहे. तेथेही शाळेचे नाव लिंकनच. १९३० साली त्या शाळेची हद्द अशी आखली की काळी वस्ती तीत यावी. आणि जी गोरी मुले तीत सापडली त्यांना १९४९ पर्यंत दुसऱ्या शाळेत जाण्याची मुभा होती. शाळेत शेकडा ९४ मुले काळी झाली. जानेवारी १९६१ मध्ये न्यायाधीश कॉफमन यांनी बोर्डाला दोषी धरले. शिकागोत तर काळ्यांच्या शाळा उतू जात होत्या, मुले दोन पाळ्यांत बसत होती; थोड्या अंतरावर गोऱ्यांच्या शाळांत बाक रिकामे होते. तरी हद्द बदलण्याऐवजी तेथील मुख्य अधिकारी बेंजामिन विलिस यांनी शाळेच्या आवारात चाकांवरच्या खोल्या आणून ठेवल्या. लोक त्यांना 'विलिसच्या गाड्या' म्हणत. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुले त्या निषेधार्थ शाळेत गेली नाहीत. एवढी मुले एका दिवशी घरी ठेवायला किती आयांचे एकमत व्हावे लागले असेल, हे आपल्या मंडळाची सहल ठरवताना जे होते त्यावरून ज्याने त्याने ताडावे.

हिल्सबरोची मुले वेबस्टरमध्ये गेली, येथे मी वही मिटणार होते. पण मुलगी म्हणाली, "थांब, अजून आहे." शाळेने त्या मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि बहुतेकांना मागच्या इयत्तेत बसवले. दोन वर्षे स्वयंपाकघरात जे शिकले ते मोजमापात उतरले नाही. जिंकलेल्या आयांच्या पदरात हे पडले. बोर्डाने नकाशा चुकीचा काढला म्हणून मुलांची वर्षे गेली. पण मागे बसावे लागले ते मुलांना.

त्या दिवशी त्या आयांनी काय केले असेल? मुलीचे म्हणणे, रागावल्या असतील. मला वाटते, रागावल्या तर असतीलच. पण दुसऱ्या सकाळी मुलांचे केस विंचरून, वेळेवर, पुन्हा त्याच रस्त्याने त्यांना धाडले असेल.